कागदावर नाव कुणाचे?

नोव्हेंबर 1995 मध्ये नोरिल्स्क निकेल या बलाढ्य खाण कंपनीतल्या 38 टक्के सरकारी समभागांचा मॉस्कोत लिलाव झाला. लिलाव भरवला ओनेक्सिमबँकेने आणि समभागही गेले तिच्याच ताब्यात, सुमारे 17 कोटी डॉलरला. दुप्पट रकमेची दुसरी बोली आली होती, ती बाद ठरवण्यात आली. रशियातल्या धनदांडग्यांची, म्हणजे 'ऑलिगार्क' मंडळींची संपत्ती कशी उभी राहिली आणि पुढची तीस वर्षे तिच्यावरून भांडणे का चालली, याचे मूळ अशा लिलावांत आहे.

या लिलावांची योजना ओनेक्सिमबँकेच्या व्लादिमीर पोतानिन यांची. येल्त्सिन सरकारची तिजोरी रिकामी होती, 1996 ची निवडणूक तोंडावर होती आणि कम्युनिस्टांचे पारडे जड होते. बँकांनी सरकारला कर्ज द्यायचे आणि सरकारी कंपन्यांचे समभाग तारण घ्यायचे, असे ठरले. कर्ज फिटले नाही, तारण बुडाले. मिखाईल खोदोर्कोव्स्की यांच्या गटाला युकोस या तेल कंपनीचा 78 टक्के वाटा सुमारे 31 कोटी डॉलरला पडला. सिबनेफ्त या दुसऱ्या तेल कंपनीचा निम्म्याहून थोडा अधिक वाटा 10 कोटी डॉलरच्या आसपास गेला. त्यामागे बोरिस बेरेझोव्स्की आणि रोमान अब्रामोविच होते. सामान्य रशियन माणसाच्या वाट्याला 1992 मध्ये 10,000 रुबलचे खासगीकरणाचे व्हाउचर आले होते. त्याचे मोल दोन व्होल्गा मोटारींइतके होईल, असे खासगीकरण राबवणारे अनातोली चुबाईस यांनी सांगितले होते. महागाईने पिचलेल्या अनेकांनी ते मिळेल त्या भावात विकून टाकले.

2000 मध्ये पुतिन अध्यक्ष झाले आणि हिशेब बदलला. माध्यमसम्राट गुसिन्स्की यांना अटक झाली, बेरेझोव्स्की देश सोडून गेले. धंदा करा, राजकारणात पडू नका, हा इशारा बाकीच्यांनी ओळखला. खोदोर्कोव्स्की यांनी तो मानला नाही. ऑक्टोबर 2003 मध्ये नोवोसिबिर्स्कच्या विमानतळावर त्यांना पकडण्यात आले आणि युकोसवर अब्जावधी डॉलरच्या करांची थकबाकी लावण्यात आली. डिसेंबर 2004 मध्ये कंपनीचा सर्वात मोठा तेल उत्पादक विभाग बैकाल फायनान्स ग्रुप या कुणालाच ठाऊक नसलेल्या कंपनीने लिलावात घेतला. काही दिवसांतच ती कंपनी सरकारी तेल कंपनी रोसनेफ्तच्या खिशात गेली. याच रोसनेफ्तने 2017 मध्ये भागीदारांसह एस्सार ऑइल विकत घेतली. गुजरातमधला वाडिनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प असलेली एस्सार ऑइलच पुढे मुंबईत मुख्यालय असलेली नायरा एनर्जी झाली.

2005 मध्ये खोदोर्कोव्स्की यांना शिक्षा झाली. त्याच वर्षी अब्रामोविच यांनी सिबनेफ्त गॅझप्रॉम या सरकारी वायू कंपनीला सुमारे 13 अब्ज डॉलरला विकली. त्यातला आपला वाटा बुडाल्याचे सांगत बेरेझोव्स्की लंडनच्या न्यायालयात गेले आणि त्यांनी 5 अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला. अब्रामोविच यांचे म्हणणे असे, की बेरेझोव्स्की भागीदार नव्हतेच. त्यांना पैसे दिले ते राजकीय संरक्षणाचे. भागीदारीचा लेखी करार कुठेच नव्हता. कोणाच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढाच प्रश्न उरला. ऑगस्ट 2012 मध्ये न्यायमूर्ती एलिझाबेथ ग्लॉस्टर यांनी बेरेझोव्स्की यांची साक्ष भरवशाची नसल्याचे सांगत दावा फेटाळला. पुढच्या मार्चमध्ये बेरेझोव्स्की यांचा मृत्यू झाला.

नाव लपवणे हे या संपत्तीचे जुने चिलखत. 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि पाश्चात्त्य देशांनी निर्बंध लादले, तेव्हा तेच अडचणीचे ठरले. फिजीमध्ये जप्त झालेली 'अमाडिया' ही 106 मीटर लांबीची नौका रशियन अब्जाधीश सुलेमान केरिमोव्ह यांची असल्याचे अमेरिकेने म्हटले. रोसनेफ्तचे माजी प्रमुख एदुआर्द खुदैनातोव्ह यांनी ती आपली असल्याचे सांगितले. 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते नावापुरते मालक असल्याचे ठरवले. अब्रामोविच यांचा चेल्सी फुटबॉल क्लब मात्र उघडउघड त्यांचाच होता. तो 2.5 अब्ज पौंडांना विकला गेला. पण पैसे फक्त युक्रेनमधल्या पीडितांसाठी वापरायचे की सर्वच युद्धपीडितांसाठी, या वादात ती रक्कम ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून अधिक काळ अडकून पडली.

कागद भक्कम होता तो युकोसच्या जुन्या भागधारकांकडे. हेगच्या लवादाने 2014 मध्ये त्यांना 50 अब्ज डॉलरची भरपाई मंजूर केली. दहा वर्षांहून अधिक काळ अपिले चालली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने रशियाचे शेवटचे अपील फेटाळले. व्याजासह रक्कम 65 अब्जांच्या पुढे गेली आहे. ज्या देशात सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने मालमत्ता मिळते, तिथे ती मर्जी फिरली की जाते. परदेशी न्यायालय फार तर मालक कोण हे सांगू शकते. रशिया पैसे द्यायला तयार नाही, म्हणून भागधारकांना आता रशियन सरकारची मालमत्ता देशोदेशी शोधून तिच्यावर टाच आणावी लागते आहे.