सेनच्या काठचे घरक्रमांक

पॅरिसमधल्या घरक्रमांकांची आजची पद्धत नेपोलियनच्या १८०५ च्या हुकुमापासून चालत आली आहे. तिचा आधार सेन नदी. नदीला समांतर रस्त्यांवरचे आकडे प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात. बाकीच्या रस्त्यांवर ते नदीकडच्या टोकापासून सुरू होतात. वाढत्या आकड्यांच्या दिशेने चालताना उजवीकडे सम, डावीकडे विषम. त्यामुळे नुसत्या पाट्या वाचत गेले तरी नदी कुठे राहिली याचा अंदाज येतो; होकायंत्राहून स्वस्त सोय! सुरुवातीला समांतर रस्त्यांवर लाल आणि इतरत्र काळे आकडे रंगवत. १८४७ पासून निळ्या पाटीवरचे पांढरे आकडे आले. दोन घरांमध्ये नवे घर उभे राहिले, तर आधीच्याच आकड्यापुढे ‘बिस’, म्हणजे ‘दुसऱ्यांदा’, असे जोडतात.