रानाची फिर्याद कोणी द्यायची?

राजस्थानात जोधपूरजवळ कांकाणी नावाचे गाव आहे. १९९८च्या ऑक्टोबर महिन्याच्या सुरुवातीला एका रात्री तिथली बिष्णोई मंडळी बंदुकीच्या आवाजाने जागी झाली. त्या दिवसांत जोधपूर परिसरात एका हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. माणसे अंधारात बाहेर धावली, एका जिप्सी गाडीचा त्यांनी पाठलाग केला. गाडी निसटली, मागे दोन काळवीट मरून पडलेले होते. आपल्याकडे असे झाले असते तर सकाळी चहाच्या टपरीवर चर्चा झाली असती आणि संध्याकाळपर्यंत ती विरूनही गेली असती. कांकाणीच्या लोकांनी फिर्याद दिली.

खरी गोष्ट तिथून पुढची आहे. काळविटांच्या पहिल्या शवविच्छेदनात गोळीचा उल्लेखच नव्हता. पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मृत्यू गोळीने झाल्याचे निष्पन्न झाले. आरोपींमध्ये देशभर नाव असलेला नट, समोर नामांकित वकील, आणि साक्षीदार कोण, तर शेती करणारी, गुरे राखणारी माणसे. तारखांमागून तारखा पडल्या. तरणी पोरे प्रौढ झाली. ५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने त्या नटाला ५ वर्षांची शिक्षा सुनावली. सोबतचे कलाकार सुटले. नटाला लगेच जामीन मिळाला आणि प्रकरण अपिलात गेले. पण वीस वर्षे साक्षीदार हलले नाहीत, हे कोणत्याही अपिलाने पुसले जाणार नाही.

त्याच दिवसांतली चिंकारा हरणांच्या शिकारीची दोन प्रकरणेही न्यायालयात गेली होती. २००६ साली त्यांत शिक्षा झाली. २०१६ साली राजस्थान उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गाडी चालवणारा महत्त्वाचा साक्षीदार उलटतपासणीला उभाच राहिला नव्हता. पाहणारा माणूस न्यायालयात टिकून राहणे याला किती किंमत असते, ते ही प्रकरणे शेजारी ठेवली की कळते.

बिष्णोईंची गोष्ट वेगळी, असे आपण म्हणतो. १७३० साली खेजडलीला झाडे वाचवताना अमृतादेवींसह ३६३ माणसांनी प्राण दिले. त्यांच्या रक्तातच ते आहे. हे खरे असले तरी सोयीचेही आहे. आपल्या रक्तात नाही म्हणून आपण मोकळे! आपल्याकडे रानातले जनावर म्हणजे सरकारी जनावर. कायद्यातही, शिकार झालेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. तेव्हा सरकार बघून घेईल. बँकेत तीसएक वर्षे काढलेल्या माणसाला हा सूर चांगला ओळखीचा असतो. पैसा बँकेचा, म्हणजे कुणाचाच नाही!

आणखी एक गैरसमज म्हणजे शिकार म्हटली की डोळ्यांपुढे जीप, बंदूक आणि सर्चलाइट येतो. आपल्या भागातली बहुतेक शिकार आवाजच करत नाही. मोटारसायकलच्या क्लचची वायर, डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब, कुंपणात सोडलेला करंट. आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर मी सकाळी फिरायला जातो. तिथे एका गुराख्याने मला घाणेरीच्या जाळीतली वाट दाखवली. वाटेवर गुडघ्याच्या उंचीवर तारेचे वेटोळे, खुंटीला बांधलेले. मला ते दाखवल्याशिवाय दिसले नसते. तो म्हणाला, ‘‘साहेब, हे परवा नव्हतं.’’

त्या एका वाक्याचे मोल मला नंतर कळले. मी १९२६ या वनविभागाच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला, आणि थोड्या वेळाने त्या भागातल्या वनरक्षकाचा फोन आला. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘काका, तार नवी आहे की गंजलेली?’’ मग कोणत्या बाजूची वाट, जवळ कोणते झाड, ओळखीची खूण काय, आणखी किती फास दिसले, कुणी आसपास होते का, गाडी उभी होती का. शेवटी त्याने बजावले, ‘‘हात लावू नका. आम्ही येतो.’’ फास काढून टाकावा, असे आपल्याला वाटते, पण ती तार, तिची गाठ, भोवतीचे ठसे हाच पुरावा असतो. त्या दिवशी त्यांना पाच फास मिळाले. माणूस सापडला नाही. पण ‘परवा नव्हतं’ या शब्दांमुळे कोणत्या दोन रात्रींतला हा प्रकार, एवढे तरी ठरले. तारखेशिवाय चेक वटत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. खबरीचेही तसेच आहे.

करंटची गोष्ट याहून अवघड. विदर्भातल्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा ‘श्रीनिवास’ नावाचा बछडा मोठा होऊन फिरू लागला होता. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड भागात त्याची रेडिओ कॉलर सापडली आणि मग पुरलेला वाघही. शेताभोवतीच्या तारेत सोडलेल्या विजेने तो गेला होता. तार लावली होती ती डुकरांसाठी. उभे पीक रात्रीत लोळवले जाते तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात काय कालवते, ते शहरात बसून सांगू नये. ग्रामीण शाखेत असताना पीककर्जाच्या वहीसमोर बसलेली अशी माणसे मी पाहिली आहेत. पण ती तार वाघ आणि डुक्कर ओळखत नाही, आणि पहाटे पाणी द्यायला जाणारा शेजारीही ओळखत नाही. अशा तारांवर माणसेही मेली आहेत. कुणाच्या बांधावर रात्री आकडा पडतो, हे गावाला ठाऊक असते. ते वेळेवर वीज कार्यालयाला आणि वनरक्षकाला कळवणे म्हणजे शेजाऱ्याशी वैर धरणे नव्हे. त्याला तुरुंगातून वाचवणे आहे. पीकनुकसानीची भरपाई मिळते, तिचा अर्ज भरून देणारा एखादा शिकलेला पोरगा गावात निघाला तर तोही वन्यजीवांचा रक्षकच म्हणायचा. भरपाई अपुरी असते आणि उशिरा येते, ही तक्रार मात्र रास्त आहे.

शहरातल्या वाचकांनी हा मजकूर वाचून सुटकेचा नि:श्वास टाकू नये. गुन्ह्याचे दुसरे टोक शहरातच असते. आठवडी बाजारात टोपलीखाली झाकलेली पोपटाची पिल्ले घ्या. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे, मग तो कितीही ‘विठू विठू’ म्हणो. पैशाचा पाऊस पाडणारे म्हणून मांडूळ विकले जाते. ते दुतोंडी नसते, त्याचे शेपूट बोथट असते, एवढेच. पूजेच्या साहित्यात ‘हत्था जोडी’ नावाची एक वस्तू मिळते. विकणारे तिला मुळी म्हणतात. ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे तपासात उघड झाले आहे. देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास घुबडांना मागणी येते. आणि मुलांच्या चित्रकलेच्या वर्गासाठी आपण आणतो त्या ब्रशांत मुंगसाच्या केसांचे ब्रश असू शकतात. मुंगूस संरक्षित आहे, तरी त्याच्या केसांचे ब्रश छाप्यांत सापडत राहिले आहेत.

असे काही दिसले तर दुकानदाराशी वाद घालू नये, आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच फिरवू नये. तो संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याकडेच पोचतो आणि माल हलतो. दुकान, दिवस, वेळ, गाडीचा नंबर लिहून घ्यावा आणि १९२६ला किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवावे. रानातल्या फोटोचा उपयोग आहे, पण तोही अधिकाऱ्यालाच द्यावा. फोन घेणाऱ्याचे नाव विचारावे. लेखी अर्ज दिला तर पोच घ्यावी. पोच मागितली की समोरचे कार्यालय थोडे सावरून बसते, हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. एखादे मेलेले वन्य जनावर, शिंग, कातडे कोणत्याही मार्गाने आपल्या ताब्यात आले, तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन कायद्याने आपल्यावरच घातले आहे.

१९७२च्या या कायद्याची दातवण अलीकडे पक्की झाली आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे, दंड किमान २५ हजार. गुन्हा शोधून काढायला मदत करणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम बक्षीस देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

इथे एक काळजी मात्र घ्यावी लागते. रानात कुणी पारधी दिसला की फोन फिरवायचा, याला जागरूकता म्हणत नाहीत. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशय गेलेला नाही. माणूस कोण आहे हे कळवण्यापेक्षा त्याने काय केले, ते कळवावे. फास लावणाऱ्याच्या हाती फार थोडे पैसे पडतात. मोठी कमाई पुढच्या व्यापाऱ्याची, आणि त्याची मोटार आपल्याच कॉलनीत उभी असते.

भीती असतेच. लहान गावात कोणी कळवले हे दोन दिवसांत फुटते. म्हणून नाव गुप्त ठेवायची विनंती फोनवर आधी करावी, नंतर नव्हे. आणि कळवूनही कुणी हलले नाही तर? कायद्याच्या ५५व्या कलमात साध्या नागरिकाचीही सोय आहे. आपण तक्रार करणार असल्याची रीतसर नोटीस संबंधित अधिकाऱ्याला द्यायची, ६० दिवस थांबायचे, आणि मग स्वतः न्यायालयात जायचे. हे मी टेकडीवरच्या त्या गुराख्याला समजावून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘त्या साठ दिवसांत माझी गुरं कोण राखंल?’’