आधी अवजार, मग चिप

छंद म्हणून एफपीजीए शिकू पाहणारे बहुतेक जण चिपमध्ये लॉजिक किती, हा आकडा आधी पाहतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो. आधी पाहायचं ते तिचं सॉफ्टवेअर. मायक्रोकंट्रोलर सूचना एकामागून एक पाळतो, एफपीजीएत मात्र आपण सर्किटच मांडतो. त्याचा मूळ तुकडा म्हणजे लुकअप टेबल; चार इनपुटांच्या टेबलात १६ बिट असतात. ते कसे भरले यावर तो तुकडा अँड गेट होणार की एक्सऑर, हे ठरतं. असे हजारो तुकडे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा हाताने भरणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. ते काम सॉफ्टवेअरचं. पण कोणता बिट काय करतो हे कंपन्या सांगत नसत, त्यामुळे हे सॉफ्टवेअरही त्यांच्याकडूनच घ्यावं लागे. २०१५ मध्ये क्लेअर वुल्फ आणि मथियास लासर यांच्या आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिसच्या आइस-४० चिपचे बिट उलगडले आणि ही कोंडी फुटली. आज योसिस हे सॉफ्टवेअर व्हेरिलॉग या हार्डवेअर-भाषेतल्या वर्णनाचं लॉजिकमध्ये रूपांतर करतं, नेक्स्टपीएनआर ते चिपवर बसवतं, आणि छोटं डिझाइन साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत तयार होतं. शिकणाऱ्याला चूक दुरुस्त करून लगेच पुन्हा पाहता येणं, याहून मोलाचं मला काही दिसत नाही.

यावर आक्षेप येतो की आइस-४० फार लहान आहे. तिच्या यूपी-५के प्रकारात ५,२८० लुकअप टेबलं आहेत, आणि पिकोआरव्ही-३२ हा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर त्यात बसतो; पहिली दोन वर्षं एवढं पुरतं. वेगवान ट्रान्सीव्हर हवे असतील किंवा नोकरीसाठी शिकायचं असेल, तर विवाडोसारखं कंपनीचं पॅकेजच घ्यावं, हे मात्र मला मान्य आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मायक्रोकंट्रोलर असताना हा खटाटोप कशाला? एलईडी लुकलुकवायला किंवा तापमान मोजायला खरोखरच नको. पण ६४० बाय ४८० च्या व्हीजीए चित्रात एका पिक्सेलला सुमारे ४० नॅनोसेकंद मिळतात, आणि १६ मेगाहर्ट्झच्या अर्दुइनो उनोचा एक ठोकाच ६२.५ नॅनोसेकंदांचा. एफपीजीएत तेच काम दोन काउंटर आणि थोडं लॉजिक बिनचूक करतं. फक्त आइस-४०च्या पिना जास्तीत जास्त ३.३ व्होल्टच्या असतात. उनोचा ५ व्होल्टचा सिग्नल द्यायचा तर मध्ये लेव्हल शिफ्टर हवाच.