रिकामा राउटर पुन्हा कसा चालू होतो

पुण्यात जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक कमी नाही. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणारा जुना बाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. कचेऱ्या आपली नेटवर्कची यंत्रे बदलतात तेव्हा जुनी यंत्रेही अशीच व्यापाऱ्यांच्या हाती जातात, आणि त्यांतले एखादे कोथरूडमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे येते. त्याला नेटवर्कची परीक्षा द्यायची असते. नवा राउटर परवडत नाही, जुना परवडतो.

राउटर म्हणजे काय? टपाल कचेरीत पाकिटावरचा पत्ता पाहून ते कोणत्या थैलीत टाकायचे हे ठरवणारा माणूस असतो ना, त्याचेच काम हे यंत्र करते. पाकिटे मात्र विजेची, आणि सेकंदाला हजारोंनी येणारी.

आता असे समजा, की आपल्या या विद्यार्थ्याने सिस्को कंपनीचा १८४१ हा राउटर आणला. हा २००४ साली बाजारात आलेला नमुना. वीज जोडली, पंखा फिरू लागला, पण पडद्यावर ‘रॉममॉन’ हा एक शब्द, पुढे १ हा आकडा, आणि बस्स! पुढे काही हलेना. विद्यार्थी म्हणतो, “फसलो! पैसे पाण्यात गेले.” त्याने घाई करू नये. ती एक ओळ आली, हीच मुळी आनंदाची गोष्ट आहे.

त्याचे असे आहे. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. घरची मंडळी गाव सोडून गेली, माजघर ओस पडले, तरी देवडीवर एक रखवालदार बसलेला असतो. त्याला घरचा कारभार चालवता येत नाही. पण दार उघडणे, आलेले सामान आत घेणे, एवढे त्याला येते. राउटरमध्येही असाच एक लहानसा कार्यक्रम कायमच्या स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, कोरलेला असतो. त्याचेच नाव रॉममॉन. घरची मंडळी म्हणजे मोठी कार्यप्रणाली. ती राहते फ्लॅश नावाच्या वेगळ्या स्मृतीत. फ्लॅश पुसली गेली, तरी रखवालदार जागेवरच असतो. राउटर मेलेला नसतो, तो नुसता रिकामा असतो.

या रखवालदाराशी बोलावे कसे? राउटरच्या पाठीमागे फिकट निळ्या खुणेचे कन्सोल नावाचे भोक असते. त्यातून संगणकापर्यंत खास केबल जोडायची. हल्लीच्या संगणकांना जुन्या पद्धतीचे सीरियल तोंड नसते, म्हणून यूएसबीचा परिवर्तक लागतो. वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवायचा. पडदा कोराच राहिला किंवा भलतीसलती अक्षरे उमटली, तर आधीच्या मालकाने वेग बदललेला असू शकतो. दुसरे वेग लावून पाहावेत.

बोलणे सुरू झाले, की पहिला प्रश्न विचारायचा, घरात खरोखर कोणी नाही ना? ‘डीआयआर’ या हुकमाने फ्लॅशमधल्या फायलींची यादी मिळते. पुष्कळदा फाईल असतेच, पण राउटरला ‘देवडीवरच थांब’ असे सांगून ठेवलेले असते. ही सूचना कॉन्फिगरेशन रजिस्टर नावाच्या एका आकड्यात असते. त्याचे शेवटचे स्थान शून्य असेल, तर राउटर रॉममॉनमध्येच थांबतो. तो आकडा शून्य-एक्स-२१०२ असा नेहमीचा करून यंत्र पुन्हा सुरू केले, की झालं! १८४१ मध्ये फ्लॅश हे काढता-घालता येणारे कार्ड असते. तेव्हा ते जागेवर आहे की विकण्याआधी कोणी काढून घेतले, हेही पाहावे.

फाईल नसेलच, तर ती बाहेरून आणावी लागते. ती नेमकी त्याच नमुन्यासाठी केलेली हवी, आणि या राउटरच्या स्मृतीत मावणारी हवी. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. यंत्र विकत घेतले म्हणजे त्यातली कार्यप्रणाली वापरण्याचा परवानाही आपोआप मिळाला, असे होत नाही. तो निर्मात्याचा हक्क असतो. म्हणून फाईल रीतसर मार्गानेच मिळवावी. निर्माता फाईलबरोबर एमडी५ नावाचा ३२ चिन्हांचा ठसा देतो. आपल्याकडच्या फायलीचा ठसा त्याच्याशी जुळला, तरच ती धड आहे असे समजावे.

मग आत न्यायचे रस्ते दोन. पहिला एक्समोडेम. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली ही पद्धत काढली. १२८ अक्षरांचा एक घास द्यायचा, तो नीट पोचल्याचा होकार घ्यायचा, मग पुढचा घास. कन्सोलच्या केबलवरच हे चालते, म्हणून दुसरे काही लागत नाही. पण वेळ? ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. फाईल २ कोटी अक्षरांची धरली, तर सुमारे पावणेसहा तास होतात! वेग १,१५,२०० केला, तर तेच काम अर्ध्या तासावर येते.

दुसरा रस्ता टीएफटीपीचा. याचे नियम १९८१ साली प्रसिद्ध झाले. यातला घास ५१२ अक्षरांचा, आणि तो नेटवर्कच्या तारेवरून जातो, त्यामुळे काम काही मिनिटांत उरकते. यासाठी राउटरला पाच गोष्टी सांगाव्या लागतात. त्याचा स्वतःचा पत्ता, जाळ्याचा मुखवटा, दाराचा पत्ता, संगणकाचा पत्ता आणि फायलीचे नाव. राउटरला १९२.१६८.१.१ आणि संगणकाला १९२.१६८.१.२ दिले, तर दाराच्या जागी संगणकाचाच पत्ता लिहिला तरी चालतो. तार राउटरच्या पहिल्या नेटवर्क तोंडाला, म्हणजे ०/० ला जोडावी. एवढे करूनही फाईल येईना, तर बहुधा संगणकाची संरक्षक भिंत तिला अडवत असते. ती तेवढ्यापुरती बाजूला करावी. आणि काही जुन्या टीएफटीपी कार्यक्रमांना ३२ मेगाबाइटहून मोठी फाईल झेपत नाही, कारण त्यांचा घास मोजण्याचा आकडा ६५,५३५ ला संपतो.

या हुकमाला ‘आर’ हे अक्षर जोडले, तर फाईल फ्लॅशमध्ये न लिहिता नुसत्या तात्पुरत्या स्मृतीत उतरते आणि तिथूनच चालू होते. आधी अशी चाचणी घ्यावी, मग लिहावे. लिहिताना फ्लॅशमधले जुने सगळे पुसले जाईल, अशी सूचना राउटर देतो. आता कोणी विचारील, की मध्येच वीज गेली तर? काळजी नको. फ्लॅश अर्धवट राहील, पण रखवालदार रॉममध्ये शाबूत आहे. वीज आली, की पुन्हा पहिल्यापासून करायचे.

घरातल्या लहान वायफाय राउटरचे मात्र तसे नाही. त्यांच्यातला रखवालदार बहुधा त्याच फ्लॅशमध्ये राहतो. चुकीच्या जागी लिहिले, तर तोही पुसला जातो, आणि मग चिपच्या पायांना हात घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय त्यांच्या आतले सीरियलचे खिळे बहुधा ३.३ व्होल्टचे असतात. जुन्या संगणकाचे सीरियल तोंड त्यांना सरळ जोडले, तर यंत्र जळण्याची भीती असते.

राउटर सुरू झाला, की विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक गोष्ट लागू शकते, आणि तिथे त्याच्या शहाणपणाची परीक्षा असते. जुन्या मालकाच्या मांडणीचे टिपण एनव्हीरॅम या तिसऱ्याच स्मृतीत असते. फ्लॅश पुसली म्हणून ते पुसले जात नाही. एखाद्या कचेरीचे अंतर्गत पत्ते आणि परवलीचे शब्द त्यात असतील. ते वाचत बसू नये. आधी ते पुसावे आणि मग अभ्यासाला लागावे. आणि ज्या कचेऱ्या यंत्रे विकतात, त्यांनी तर हे काम यंत्र दाराबाहेर जाण्यापूर्वीच करावे. वाडा विकताना कपाटातली कागदपत्रे कोणी मागे ठेवीत नाही.

तेव्हा जुना राउटर घ्यायला गेलात, तर दुकानातच वीज लावून, कन्सोल जोडून पाहा. ती एक ओळ उमटली, तर ‘बंद आहे’ म्हणून स्वस्तात मिळणारे यंत्र घ्यायला हरकत नाही. कोणत्याच वेगाने एकही अक्षर उमटले नाही, तर मात्र देवडीही ओस आहे असे समजावे, आणि पैसे खिशातच ठेवावेत.