पिंपल्सवर रूममेटची क्रीम लावताय? आधी ट्यूबवरचं नाव वाचा

नीटच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला आलेली मुलं-मुली होस्टेलवर राहतात. पिंपल्स आले की रूममेटची क्रीम लावली जाते. धोका तिथेच आहे.

पिंपल्स का येतात?
वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात, जंतू वाढून सूज येते. दोष अस्वच्छतेचा नसतो.

काय टाळाल?
क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइड्स आहेत. आधी चेहरा उजळतो. नंतर त्वचा पातळ होते, पिंपल्स वाढतात. २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड्सच्या क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

काय कराल?
दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. पिंपल्स फोडू नका. योग्य उपचारांचा फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. मध्येच औषध सोडू नका. गाठी किंवा खड्डे पडत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.