श्रॉथ पद्धती : श्वासाने सावरणारा कणा

पाठीचा कणा बाजूला झुकून मणके स्वतःभोवती पिळले जाण्याच्या विकृतीला स्कोलिओसिस म्हणतात, आणि क्ष-किरणचित्रावर मोजलेला बाक, म्हणजेच कॉब कोन, किमान १० अंश असेल तरच हे निदान केले जाते. स्वतः या विकाराने ग्रस्त असलेल्या काथारिना श्रॉथ (१८९४–१९८५) यांनी जर्मनीतील माइसन येथे १९२१ मध्ये उपचारकेंद्र सुरू केले. त्यांच्या पद्धतीत रुग्ण आरशात पाहत धड ताणून सरळ करतो, छातीच्या दबलेल्या बाजूत जाणीवपूर्वक श्वास भरून तेथील फासळ्या बाहेर आणतो आणि उच्छ्वासाच्या वेळी स्नायू आवळून ती स्थिती टिकवतो. प्रत्येकाच्या बाकाची घडण निराळी असल्यामुळे व्यायामही स्वतंत्रपणेच आखावे लागतात; सर्वांना एकच कवायत देणे हा उपचार नव्हे. हाडांची वाढ सुरू असताना बाक साधारण २५ ते ४० अंशांचा असल्यास ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचा कडक आधारपट्टा, वापरण्याचा सल्ला दिला जातो. ब्रेसमुळे बाक वाढण्याचा धोका घटतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासाने दाखवले. अशा मुलांसाठी व्यायाम ब्रेसला पूरक ठरतात, त्याला पर्याय नव्हे. ब्रेस दिवसातील बहुतेक तास घालावा लागत असल्याने, शाळेत तो लपवू पाहणाऱ्या किशोरवयीन मुलीला घरच्यांची साथ औषधाइतकीच आवश्यक असते.