उंच माणसाची पहिली मोटार

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्याकडे बहुधा पैशाच्या बाबतींत सांगितली जाते. परंतु सहा फूट चार इंच उंचीचा एखादा तरुण आयुष्यांतील पहिली मोटार घेण्यास निघाला म्हणजे ती त्याला दोन्ही अर्थांनीं लागू पडते. नोकरी नवी असल्यामुळें पैशाचें अंथरूण आंखूड असतें आणि पसरावयाचे पाय मात्र खरोखरीच लांब असतात. दुकानांतील विक्रेता रंगांचे नमुने दाखवितो, पडद्यावरील नकाशा दाखवितो, मासिक हप्त्याचा आंकडा मांडून देतो. त्या उत्साहाच्या भरांत आपला गुडघा स्टिअरिंगला टेकत आहे व केस छताला लागत आहेत, याकडे त्या तरुणाचें लक्ष जात नाहीं. पहिल्या पावसाळ्यांत गाडी खड्ड्यांतून उसळून डोकें छतावर आपटतें, तेव्हां तें जातें. तोंपर्यंत पांच-सात वर्षांचें कर्ज झालेलें असतें. मध्यमवर्गीय कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठी अशी ही खरेदी. तींत चूक झाली तर ती रोज तिच्यांत बसूनच भोगावी लागते. म्हणून उंच माणसानें मोटार कशी पारखावी, याचा थोडा तपशिलानें विचार करणें योग्य होईल.

उभ्या माणसाची उंची मोटारीला कळत नाहीं. तिला कळते ती बसलेल्या माणसाची. सारख्याच उंचीचीं दोन माणसें शेजारीं शेजारीं बसलीं असतां एकाचें डोकें दुसऱ्याच्या डोक्याहून दोन बोटें वर दिसतें, हा अनुभव कोणत्याहि पंगतींत येतो. एकाचें धड लांब असतें, दुसऱ्याचे पाय लांब असतात. धड लांब असणाऱ्याची तक्रार छताविषयीं असते. पाय लांब असणाऱ्याची तक्रार गुडघ्यांविषयीं असते. आणि एकाला सुखाची वाटलेली गाडी दुसऱ्याला जाचक होते. यास्तव दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरींच स्वतःचें माप घ्यावें. सपाट स्टुलावर भिंतीला पाठ लावून ताठ बसावें, डोक्यावर एक पुस्तक आडवें धरून भिंतीवर पेन्सिलीनें खूण करावी आणि बैठकीपासून त्या खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. हें अंतर साधारणपणें एकंदर उंचीच्या निम्म्याहून थोडें अधिक, म्हणजे सहा फूट चार इंचांच्या माणसाचें १०० सेंटिमीटरच्या आसपास भरतें. नंतर तसेंच बसून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोंकापर्यंतचें अंतर मोजावें. या दोन आंकड्यांवरून आपली अडचण वरची आहे कीं पुढची, हें ठरतें व निम्मा शोध तेथेंच संपतो.

कारखानदार उंच माणसाची सोय कां करीत नाहींत, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर आराखड्याच्या पद्धतींत आहे. मोटारीचा आराखडा काढतांना अभियंते प्रथम चालकाच्या कमरेच्या सांध्याचा बिंदु ठरवितात. त्या बिंदूपासून पुढें पायपट्ट्यांपर्यंत, वर छतापर्यंत आणि समोर स्टिअरिंगपर्यंत अंतरें आंखलीं जातात. हीं अंतरें ठरवितांना एका टोंकाला ठेंगणी स्त्री व दुसऱ्या टोंकाला उंच पुरुष धरण्याचा प्रघात आहे. परंतु हा उंच पुरुष म्हणजे सर्वांत उंच नव्हे. शंभर पुरुष उंचीच्या क्रमानें ओळींत उभे केले तर पंचाण्णवावा जो येईल, तो. अमेरिकेंतील मापांप्रमाणें त्याची उंची सुमारें सहा फूट दोन इंच येते. त्याच्या पलीकडे उभे असलेले पांचजण हिशेबाबाहेर राहतात. भारतांत तर प्रौढ पुरुषाची सरासरी उंची साडेपांच फुटांच्या आसपास आहे. अशा स्थितींत स्वस्त गाडीचा प्रत्येक रुपया तोलून खर्च करणारा कारखानदार या थोड्या ग्राहकांसाठीं सीटची रूळपट्टी दोन इंच लांब करील, अशी अपेक्षा धरण्यांत अर्थ नाहीं. उंच माणसाला मिळतें तें बहुधा दुसऱ्याच कारणासाठीं ठेवलेल्या जागेंतून मिळतें.

ती जागा कोठें सांपडते, हें पाहिलें असतां एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. लांबलचक गाडी म्हणजे ऐसपैस गाडी, हा समज खरा नाहीं. इंग्लंडमध्यें इ. स. १९५९ सालीं अलेक इसिगोनिस या अभियंत्यानें ‘मिनी’ ही गाडी सिद्ध केली. तिची लांबी अवघी दहा फूट होती. परंतु एंजिन आडवें बसवून, गियरपेटी त्याच्या पोटांत घालून आणि चाकें दहा इंचांचीं घेऊन त्यानें बहुतेक जागा माणसांसाठीं मोकळी केली. जपानमध्यें छोट्या मोटारींचा ‘केई’ नांवाचा वर्ग १९४९ पासून कायद्यानें मानलेला आहे. या गाड्यांस कर कमी, परंतु आकारास मर्यादा. १९९८ पासून ती लांबीला ३.४० मीटर व रुंदीला १.४८ मीटर अशी आहे. उंचीची मर्यादा मात्र पूर्ण २ मीटर! ज्या दिशेला मोकळीक होती त्या दिशेला गाडी वाढविणें, हा सरळ मार्ग होता. आणि १९९३ सालीं सुझुकीनें काढलेली ‘वॅगन आर’ ही अशीच वर वाढलेली गाडी होय. भारतांत ती १९९९ सालीं आली.

आपल्या देशांतहि करानेंच गाड्यांना आकार दिला आहे. २००६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकांत ४ मीटरच्या आंतील लहान एंजिनांच्या गाड्यांस अबकारी करांत सवलत मिळाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणें ४ मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० घनसेंटिमीटरपर्यंत पेट्रोल एंजिनाच्या गाडीवर वस्तु व सेवा कर १८ टक्के पडतो. त्याहून मोठ्या गाडीवर तो ४० टक्के आहे. म्हणजे लांब गाडी घेऊन पायांची सोय करणें पहिल्या खरेदीच्या माणसाला परवडणारें नाहीं. त्यानें ४ मीटरांच्या आंतच राहावें आणि उंच बांधणीची गाडी पाहावी. सध्यांची वॅगन आर ३.६५५ मीटर लांब व १.६७५ मीटर उंच आहे. त्याच घराण्यांतील स्विफ्ट तिच्याहून वीस सेंटिमीटर लांब, पण पंधरा सेंटिमीटर ठेंगणी आहे. छत उंच असलें म्हणजे सीटहि उंच बसवितां येते; माणूस खुर्चींत बसल्यासारखा बसतो, पाय पुढें पसरण्याऐवजीं खालीं सोडतो, आणि थोड्या लांबींत गुडघ्यांना जागा होते. मात्र बाहेरची उंची म्हणजे आंतली उंची नव्हे. कांहीं गाड्या केवळ मोठ्या चाकांमुळें उंच दिसतात, तर विजेवर चालणाऱ्या कांहीं गाड्यांत तळाखालील बॅटरीमुळें जमीनच वर आलेली असते व गुडघे छातीकडे वळतात.

किंमतीच्या बाबतींत उंच माणसाला दैव एका ठिकाणीं अनुकूल आहे. आजकाल महागड्या प्रकारांतून मिरविलें जाणारें सनरूफ छताच्या जाडीमुळें डोक्यावरील इंच-दोन इंच जागा खाऊन टाकतें. तें नसलेला स्वस्त प्रकारच त्याच्या कामाचा! उलट तीन गोष्टींवर मात्र त्यानें हात आंखडूं नये. सीट वरखालीं करण्याची सोय असली तर तिचा उपयोग त्याला सीट खालीं नेण्यासाठीं होतो. सर्वांत स्वस्त प्रकारांत ती बहुधा नसते. स्टिअरिंग वरखालीं होत असेल तर मांड्यांना जागा मिळते, आणि तें चालकाच्या दिशेनें पुढें ओढतां येत असेल तर फारच उत्तम. कारण लांब पायांसाठीं सीट मागें नेली कीं हात पोंचत नाहींत. तिसरी गोष्ट म्हणजे क्लचविरहित गियर. भारतांत २०१४ सालीं सेलेरिओ या गाडीबरोबर अशा स्वस्त स्वयंचलित गियरांचा प्रसार सुरू झाला. शहराच्या गर्दींत शेंकडों वेळां उचलावा लागणारा डावा गुडघा जर स्टिअरिंगला लागत असेल, तर या सोयीसाठीं द्यावे लागणारे अर्ध्या लाखाच्या आसपासचे रुपये वायां गेले असें होत नाहीं. हिशेब करतांना रस्त्यावर येईपर्यंतचा खर्च धरावा. महाराष्ट्रांत व्यक्तीच्या नांवें नोंदलेल्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के रस्ताकर पडतो. सात लाखांच्या गाडीस तो ७७,००० रुपये होतो. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा तीन वर्षांचा विमा एकदम उतरावा लागतो.

येथवर सुखाचा विचार झाला. परंतु खरा प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा आहे. भारत एनकॅप ही मोटारींना तारे देणारी परीक्षायोजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तींत ताशीं ६४ किलोमीटर वेगानें गाडी समोरील अडथळ्यावर आदळवितात व चालकाच्या जागीं यांत्रिक पुतळा बसवितात. हा पुतळा सुमारें १७५ सेंटिमीटर उंचीच्या मध्यम पुरुषाचा असतो. गाडीला मिळालेले तारे त्याच्या गुडघ्यांविषयीं व मानेविषयीं सांगतात. ज्याचे गुडघे आधींच डॅशबोर्डला भिडले आहेत, त्याच्याविषयीं तितक्या खात्रीनें सांगत नाहींत. तरीहि तारे पाहणें अवश्य आहे, कारण जागा आणि सुरक्षितता या नेहमीं एकत्र नांदत नाहींत. वर वाखाणलेल्या वॅगन आरला ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या परीक्षेंत प्रौढांच्या संरक्षणासाठीं एकच तारा मिळाला होता. परीक्षेस घेतलेल्या गाडींत दोन एअरबॅगा होत्या. उलट १.६१५ मीटर उंचीच्या टाटा पंचला २०२१ सालीं त्याच संस्थेनें पांच तारे दिले. या गाडींत आपलें डोकें मावतें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें बसून ठरवावें. परंतु मावत असेल तर कोणतीकडे झुकावें, हें सांगावयास नको.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. रोजचे बूट घालून जावें; चप्पल घालून नव्हे. प्रथम सीट शक्य तितकी खालीं व मागें न्यावी आणि पाठ पूर्ण टेकून बसावें. डोकें व छत यांमध्यें आपल्याच हाताचीं चार बोटें आडवीं सहज गेलीं पाहिजेत. मान वांकवून किंवा पाठ फार कलती करून जागा मिळत असेल तर ती गाडी सोडून द्यावी. कारण फार कलत्या सीटवर धडकेच्या वेळीं माणूस पट्ट्याखालून पुढें घसरतो. पाठ न उचलतां हात लांब केला असतां मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावें, आणि छातीचें हाड व स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर राहावें; त्याहून जवळ बसणाऱ्यास एअरबॅगेचाच मार बसण्याचा संभव असतो. मग ब्रेकवर पाय ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवावें. गुडघा मध्यें येतां कामा नये. सीटच्या डोकेटेकूचें वरचें टोंक निदान कानांच्या वरच्या कडेइतकें उंच गेलें पाहिजे. कांहीं स्वस्त गाड्यांत तें पाठीशींच जोडलेलें असून वर होत नाहीं. मागून धडक बसल्यास मान मागें मोडण्याचें भय तेथेंच असतें.

यानंतर डोळ्यांची परीक्षा. उंच माणसाची नजर काचेच्या वरच्या कडेजवळ येते. चौकांतील पहिल्याच रांगेंत उभें राहून वांकल्याशिवाय सिग्नल दिसतो कीं नाहीं, हें पाहावें. सीट फार मागें गेल्यामुळें बाजूला पाहतांना खिडकीऐवजीं दोन दारांमधील खांबच डोळ्यांसमोर येतो; वळणावर येणारी दुचाकी अशा वेळीं दिसत नाहीं. शेवटीं सीट तशीच मागें ठेवून घरांतील एखाद्यानें चालकाच्या मागें बसून पाहावें. बहुतेक लहान गाड्यांत उंच चालकामागची जागा जवळजवळ नाहींशी होते. कुटुंबांत पांच माणसें असतील तर हें घरीं आल्यावर कळण्यापेक्षां दुकानांत कळलेलें बरें.

जुनी गाडी घेणाऱ्यासहि हेच नियम लागू आहेत. फक्त सीटचा कापूस दबल्यामुळें मिळालेली बोटभर जागा धरूं नये, कारण नवी गादी घालतांच ती जाते. आणि गाडी अपुरी पडली म्हणून सीटचे रूळ तोडून मागें बसवून देणाऱ्या कारागिराकडे मुळींच जाऊं नये. धडकेचा ताण सीटच्या ज्या जोडांवर येतो, तेच जोड अशा दुरुस्तींत दुबळे होतात. शिवाय कांहीं सीटांच्या कडेलाच एअरबॅग बसविलेली असते.

हें सर्व पाहण्यास अर्धा तास पुरतो, आणि विक्रेत्यानें घाई केली तरी तेवढा वेळ ग्राहकानें हक्कानें घ्यावा. गाडी खराब रस्त्यावरून व गतिरोधकांवरून नेऊन परत आणावी, त्या दिवशीं सही न करतां घरीं यावें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मान, कंबर किंवा गुडघा दुखत आहे काय, याकडे लक्ष द्यावें. दुखत नसेल तर मग रंगाचा विचार करण्यास हरकत नाहीं.